अधूनमधून येणारा इलेक्ट्रॉनिक बिघाड आणि हात वर करणारे सर्व्हिस सेंटर

चालती गाडी अचानक बंद पडते आणि थोड्या वेळाने काहीच झाले नसल्यासारखी पुन्हा सुरू होते. डॅशबोर्डवरचे सगळे इशारादिवे एकदम लागतात आणि पुढच्या वळणापर्यंत विझूनही जातात. काच एक दिवस बटणाने वर जाते, दुसऱ्या दिवशी जागची हलत नाही. सर्व्हिस सेंटरला नेल्यावर मात्र तीच गाडी दिवसभर सुरळीत चालते आणि संध्याकाळी जॉब कार्डावर ‘बिघाड आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. अशा गाडीच्या मालकांसाठी, विशेषतः ज्यांनी आजवर बॉनेट उघडून फारसे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी, हा लेख आहे.

असा बिघाड सापडत नाही याचा अर्थ तंत्रज्ञाला काम येत नाही असा दर वेळी होत नाही. बिघाड हजर नसताना घेतलेले माप बरोबरच येते, आणि माप बरोबर आले की कोणताही भाग सदोष ठरवता येत नाही. बिघाड घडतो त्या क्षणी गाडीजवळ फक्त तुम्ही असता. त्यामुळे तो बिघाड तंत्रज्ञाला पुन्हा घडवून पाहता येईल की नाही, आणि टाळाटाळ झाल्यास तुम्हाला आपली बाजू मांडता येईल की नाही, या दोन्ही गोष्टी तुम्ही ठेवलेल्या नोंदींवर अवलंबून असतात. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक पायरी त्या नोंदी भक्कम करण्यासाठी आहे.

गाडी चालवावी की नाही, हे आधी ठरवा

म्युझिक सिस्टिम, काचा, सेंट्रल लॉकिंग, आतले दिवे यांचा बिघाड काही दिवस सोसून त्याचे निरीक्षण करता येते. चालत्या गाडीत इंजिन बंद पडणे, स्टिअरिंग अचानक जड होणे, ब्रेकचे पेडल कडक होणे, रात्री हेडलाइट विझणे किंवा एअरबॅगचा दिवा लागलेला राहणे या प्रकारांत तशी मुभा नाही. अशी गाडी वापरणे थांबवावे आणि ती टो करून न्यावी. टो केल्याची पावती जपून ठेवावी, कारण बिघाड किती गंभीर होता याचा तो एक स्वतंत्र पुरावा ठरतो.

इंजिन चालताना बंद पडलेच तर ब्रेक त्याच क्षणी निकामी होत नाहीत. ज्या गाड्यांत व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवून ब्रेकला मदत करणारा भाग) असतो, त्यांत एक-दोन वेळा ब्रेक दाबण्याइतकी मदत शिल्लक राहते. म्हणून पेडल पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच घट्ट दाबून धरावे, स्टिअरिंगला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा, चारही इंडिकेटर सुरू करावेत आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये. किल्ली काढल्यास स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

पहिल्याच दिवसापासून नोंद ठेवा

मोबाइलमधील साधी टिपण किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यातील वही पुरेशी आहे. बिघाड घडल्यावर गाडी सुरक्षित ठिकाणी उभी करून तिथल्या तिथे लिहावे. घरी पोहोचून लिहू म्हटले की क्रम विसरला जातो, आणि निदानासाठी बहुधा क्रमच सर्वांत महत्त्वाचा असतो. तारीख, वेळ आणि ओडोमीटरचा आकडा प्रत्येक नोंदीत असावा. त्यानंतर इंजिन किती वेळ सुरू होते, हवा गरम, थंड की दमट होती, त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी पाऊस पडला होता का किंवा गाडी धुतली होती का, वेग किती होता, रस्ता खडबडीत होता का, गाडी वळत होती का, एसी, हेडलाइट, वायपर यांपैकी काय सुरू होते, हे लिहावे. शेवटी प्रत्यक्ष काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, किती वेळ टिकले आणि काय केल्यावर किंवा काहीही न करता पूर्ववत झाले, हे लिहावे.

चांगल्या नोंदीने किती फरक पडतो हे एका उदाहरणावरून पाहू. ‘गाडी मध्येच बंद पडते’ एवढ्या वाक्यावरून कोणालाही काही करता येत नाही. आता ही नोंद पाहा: ‘चाळीस मिनिटे सलग चालवल्यावर, एसी सुरू असताना, उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर एकदम गेला. गाडी गिअरमध्ये पुढे जातच होती, पण आरपीएमचा काटा एका झटक्यात शून्यावर आला. थांबल्यावर स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते आणि काटा हलत नव्हता. वीस मिनिटांनी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.’ जाणकार तंत्रज्ञ यातून तीन गोष्टी वाचतो. स्टार्टर जोरात फिरला, म्हणजे त्या वेळी बॅटरीत दम होता. गाडी गिअरमध्ये होती, म्हणजे चाकांमुळे इंजिन फिरत होते. तरीही काटा शून्यावर आला, म्हणजे इंजिन फिरत असल्याचा संकेत कंट्रोल युनिटपर्यंत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकापर्यंत, पोहोचणे थांबले होते. आणि गाडी थंड झाल्यावर सुरू झाली, म्हणजे बिघाड उष्णतेशी बांधलेला आहे. यावरून पहिला संशय क्रँकशाफ्ट सेन्सर (इंजिनचे फिरणे टिपणारा सेन्सर), त्याचा कनेक्टर आणि त्याची वायर यांच्यावर जातो, आणि दिवसभराची शोधाशोध वाचू शकते.

शक्य असेल तेव्हा चित्रीकरणही करावे, मात्र चालकाने गाडी चालवताना ते करू नये. शेजारी बसलेल्या व्यक्तीने पेटलेले दिवे, आरपीएमचा काटा आणि ओडोमीटर एकाच चौकटीत येतील असे पाहावे. आवाजासह चित्रीकरण केल्यास अधिक चांगले, कारण डॅशबोर्डमागून येणारी रिलेची (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचची) सततची टकटक हा निदानाला दिशा देणारा मोठा धागा असतो.

पाच-सहा नोंदी झाल्या की त्या एकत्र वाचाव्यात आणि प्रत्येकीत समान काय आहे ते शोधावे. बिघाड पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर येत असेल तर कुठेतरी पाणी शिरत आहे. खड्ड्यात आदळल्यावर येत असेल तर सैल कनेक्टर, ढिला अर्थ (प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) किंवा घासलेली वायर यांचा विचार करावा. गाडी तापल्यावरच येत असेल तर सेन्सर, इग्निशन कॉइल, रिले किंवा एखाद्या मॉड्यूलच्या, म्हणजे कंट्रोल युनिटच्या, आतील तडकलेला सोल्डरचा जोड संशयित ठरतो. स्टिअरिंग वळवताना हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणे बंद पडत असतील आणि सोबत एअरबॅगचा दिवा लागत असेल, तर स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली चपटी तारपट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटत आली असण्याची दाट शक्यता असते. एसी, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर एकत्र सुरू केल्यावरच गोंधळ होत असेल, तर पुढचा भाग काळजीपूर्वक वाचावा.

सुरुवात बॅटरी आणि अर्थपासून

माझे स्पष्ट मत आहे की या दोन गोष्टी तपासल्याशिवाय एकही महागडा भाग बदलू देऊ नये. आधुनिक गाडीत अनेक कंट्रोल युनिट असतात आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की त्यांतील प्रत्येक युनिट आपापल्या परीने चुकीचे वागू लागते. मग एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग, गिअरबॉक्स आणि एअरबॅग यांच्या तक्रारी एकाच वेळी दिसतात, आणि प्रत्यक्षात त्या चारही यंत्रणा ठणठणीत असतात.

साधा डिजिटल मल्टिमीटर घेऊन पुढील मापे कोणालाही घेता येतात. गाडी काही तास बंद ठेवल्यावर चांगल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ असते, १२.२ च्या आसपास ते आले तर बॅटरी निम्मीच भरलेली आहे असे समजावे. स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू असताना ते साधारणपणे १३.८ ते १४.७ च्या दरम्यान असते. मात्र अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचे (इंजिनवर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचे) व्होल्टेज संगणक गरजेनुसार कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे एकाच मापावरून निष्कर्ष काढू नये.

यानंतर अर्थ तपासावा. गाडीच्या जवळजवळ प्रत्येक उपकरणातून गेलेला प्रवाह बॉडीच्या पत्र्यातून आणि इंजिनला जोडलेल्या जाड पट्ट्यांतून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे परत येतो. या पट्टीच्या अनेक तारांपैकी एखादीच तार शाबूत उरली, तरी मल्टिमीटरवर रोध मोजल्यास तो जवळपास शून्यच दिसतो, कारण रोध मोजताना मीटर अत्यंत थोडा प्रवाह सोडतो. प्रत्यक्षात भार पडल्यावर तीच पट्टी उघडी पडते. म्हणून रोध न मोजता भाराखालची व्होल्टेजची घट मोजावी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि लाल वायर इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर टेकवावी, आणि इंजिन, हेडलाइट व ब्लोअर सुरू करावेत. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.२ च्या वर जात असेल तर पट्टी, तिचे बोल्ट किंवा बॅटरीचे टर्मिनल यांत दोष आहे. हेच माप बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि बॉडीचा पत्रा यांच्यातही घ्यावे. स्टार्टर फिरताना आकडा थोडा वाढतो, ते स्वाभाविक आहे.

टर्मिनल हाताने फिरवून पाहावे. ते जराही फिरत असेल तर सैल आहे. त्यावर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी साय जमली असेल तर तिचे छायाचित्र घेऊन मगच ती साफ करावी किंवा करून घ्यावी. बॅटरी काढायची झाल्यास आधी निगेटिव्ह टोक सोडवावे. पण त्यापूर्वी पुढची पायरी पूर्ण झालेली असावी, कारण बॅटरी काढल्यावर बऱ्याच गाड्यांतील साठवलेली माहिती पुसली जाते.

कोड वाचा, पण पुसू नका

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २००१ पासून पेट्रोलच्या व २००४ पासून डिझेलच्या नव्या गाड्यांना ठरावीक पद्धतीचे निदान-सॉकेट देणे बंधनकारक झाले, आणि आता जगभरातील बहुतेक गाड्यांत ते असते. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचे हे सॉकेट सापडते. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर आणि मोबाइलवरचे अ‍ॅप यांच्या मदतीने फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने साठवलेले बिघाडाचे सांकेतिक क्रमांक, वाचता येतात. डॅशबोर्डवर दिवा लागलेला नसला तरी कोड वाचावेत. एकदाच दिसलेला बिघाड बहुधा ‘पेंडिंग’ म्हणून नोंदलेला असतो आणि तो पुन्हा न घडल्यास काही काळाने आपोआप निघून जातो. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही पाहावी. कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचे तापमान यांसारखी मापे तिच्यात असतात, आणि ती तुमच्या वहीतील नोंदीशी जुळली तर तुमचे म्हणणे गाडीनेच मान्य केल्यासारखे होते. सर्व पडद्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि ‘क्लिअर’ या बटणाला हात लावू नये.

कोडच्या पहिल्या अक्षरावरून यंत्रणा कळते: पी म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग यांसारखे चॅसिसचे भाग आणि यू म्हणजे कंट्रोल युनिटांमधील संवाद. कोड कोणता भाग खराब आहे हे सांगत नाही, तर कोणत्या सर्किटमध्ये अपेक्षेपेक्षा वेगळे काही दिसले एवढेच सांगतो. नवख्यांची आणि घाईतल्या तंत्रज्ञांची सर्वाधिक गल्लत इथेच होते. पी०३३५ हा कोड क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटचा आहे. सेन्सर, वायर, कनेक्टर, सेन्सरला मिळणारा वीजपुरवठा किंवा त्याचा अर्थ यांपैकी कशामुळेही तो येऊ शकतो. सेन्सर बदलूनही तोच कोड परत आला, तर दुसरा सेन्सर बसवण्यात अर्थ नाही.

यू ने सुरू होणारे पाच-सात कोड एकाच वेळी आले असतील तर तेवढी युनिट एकदम बिघडली असे समजू नये. ही युनिट एकमेकांशी कॅन नावाच्या जाळ्यावर बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत पिळलेल्या दोन तारांवरून सर्वांचे संदेश जातात आणि तारांच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोध असतात. त्यामुळे बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर एका टोकाचा संपर्क तुटला आहे. या जाळ्यावरील एकच पाणी शिरलेले युनिट इतर सर्वांचा संवाद बंद पाडू शकते. हे काम अनुभवी माणसाचे आहे, पण ‘चार मॉड्यूल बदलावी लागतील’ असे कोणी सांगितले तर ‘व्होल्टेज, अर्थ आणि कॅनचा रोध तपासला का, आणि आकडे काय आले’ एवढे विचारण्यापुरती ही माहिती प्रत्येक मालकाजवळ असावी.

स्वस्त अ‍ॅडाप्टर प्रामुख्याने इंजिनचे कोड वाचतो. एबीएस, एअरबॅग आणि बॉडी यांच्यासाठी त्या कंपनीच्या गाडीला पूर्णपणे जुळणारा स्कॅनर लागतो, त्यामुळे ‘माझ्या अ‍ॅपवर काहीच दिसत नाही’ याचा अर्थ काहीच नाही असा घेऊ नये.

डोळ्यांना आणि हातांना सापडणारे दोष

या टप्प्यावर दोन बंधने पाळावीत. पिवळ्या आवरणातील वायर आणि कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये आणि त्यांत मल्टिमीटर कधीही खुपसू नये. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतील नारिंगी केबल जीवघेण्या व्होल्टेजच्या असतात. त्या पूर्णपणे वर्ज्य आहेत.

दरवाजापासून सुरुवात करणे सोपे जाते. दरवाजा आणि बॉडी यांच्यामध्ये बिजागरीजवळ रबराची एक घडीदार नळी असते आणि काच, आरसा, लॉक, स्पीकर यांच्या सगळ्या वायर तिच्यातून जातात. दरवाजा उघडताना-मिटताना त्या दर वेळी वाकतात, आणि काही वर्षांनी आतले तांबे तुटते; बाहेरचे आवरण मात्र अखंड दिसते. नळीचे एक टोक हळूच सोडवून प्रत्येक वायर बोटांनी अलगद ओढून पाहावी. चांगली वायर ताठ राहते. आतून तुटलेल्या वायरचे आवरण त्या जागी लांबते आणि बोटांना तिथे पोकळ, मऊ लागते. दरवाजा ठरावीक कोनात असतानाच काच चालते, या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. डिकीच्या झाकणाजवळच्या वायरींचेही असेच होते.

पाण्याचा माग काढताना समोरच्या काचेखालच्या जाळीतील आणि सनरूफच्या कोपऱ्यांतील पाणी वाहून नेणाऱ्या वाटा पाहाव्यात. पानांच्या कचऱ्याने त्या तुंबल्या की पाणी आत उतरते आणि सतरंजीखाली साचते, आणि अनेक गाड्यांत त्याच जागी कनेक्टर किंवा एखादे युनिट बसवलेले असते. सतरंजी वरून कोरडी दिसते, म्हणून तिच्या खालचा स्पंज दाबून पाहावा. कनेक्टरमध्ये हिरवट पूड दिसली तर पाणी पोहोचले आहे हे निश्चित.

कनेक्टरच्या पिनांचा एक दोष डोळ्यांना दिसत नाही. इंजिनच्या बारीक थरथरीने पिना एकमेकींवर घासत राहतात आणि संपर्काच्या जागी ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. कनेक्टर काढून पुन्हा लावला की थर खरवडला जातो आणि बिघाड काही आठवडे नाहीसा होतो. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘फक्त तपासले, काहीच बदलले नाही’ आणि तरीही गाडी महिनाभर नीट चालली, असे झाले तर कोणकोणते कनेक्टर काढून लावले होते हे आवर्जून विचारून लिहून ठेवावे.

इंजिन सुरू ठेवून, फिरणाऱ्या पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवून, संशयित वायरींचा जुडगा थोडा थोडा हलवून पाहता येतो. इंजिन अडखळले की ती जागा लगेच खुणावावी. गरम झाल्यावर येणाऱ्या बिघाडासाठी तंत्रज्ञ सेन्सर किंवा मॉड्यूल हेअर ड्रायरने तापवून पाहतो, आणि दमट हवेतील बिघाडासाठी पाण्याचा बारीक फवारा मारतो. फ्यूज बॉक्समध्ये सारख्याच क्रमांकाचे दोन रिले असतील, उदाहरणार्थ हॉर्नचा आणि फ्युएल पंपाचा, तर त्यांची अदलाबदल करून बिघाड दुसरीकडे सरकतो का हे पाहणे ही बिनखर्चाची आणि चांगली चाचणी आहे.

बाहेरून बसवलेली उपकरणे

नंतर बसवलेला स्टिरिओ, अलार्म, डॅशकॅम, ट्रॅकर, जादा दिवे आणि निदान-सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेला अ‍ॅडाप्टर ही बिघाडाची खरीखुरी कारणे असू शकतात, आणि सर्व्हिस सेंटरला जबाबदारी झटकण्यासाठी मिळणारे पहिले निमित्तही तीच असतात. म्हणून शक्य तेवढी उपकरणे आधीच काढावीत, काढल्याची तारीख नोंदवावी आणि त्यानंतरही बिघाड आल्याची नोंद ठेवावी. मग ते निमित्त उरत नाही.

रात्रीत बॅटरी उतरण्याची तक्रार असेल तर हे विशेष लागू पडते. गाडी बंद करून लॉक केल्यावर तिची युनिट झोपी जायला काही मिनिटांपासून अर्धा-पाऊण तास लागू शकतो; त्यानंतरचा प्रवाह सर्वसाधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. फ्यूज एकेक काढून शोध घेतल्यास युनिट पुन्हा जागी होतात आणि माप चुकते. त्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधील सूक्ष्म व्होल्टेज मोजावे; जिथे ते दिसेल त्या सर्किटमधून प्रवाह वाहत आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय मागावे

अनेक ठिकाणी वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनी ठरलेल्या तासांनुसार देते. भाग बदलला तर त्याचे तास मिळतात. सापडत नसलेल्या बिघाडामागे घालवलेला वेळ बहुधा अंगावर पडतो. त्यामुळे स्कॅनर लावून, एक फेरी मारून ‘बिघाड आढळला नाही’ लिहिणे तिथे सोयीचे होते. ही अडचण समजून घ्यावी, पण ती तुमची जबाबदारी नव्हे.

तक्रार तोंडी सांगू नये. एका पानावर बिघाडाचे वर्णन, तो कोणत्या परिस्थितीत येतो, आतापर्यंतच्या तारखा व ओडोमीटरचे आकडे आणि आधीच्या भेटींचे जॉब कार्ड क्रमांक लिहून न्यावेत आणि एक प्रत जॉब कार्डाला जोडून घ्यावी. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर त्याचे ‘इलेक्ट्रिकल चेक’ असे दोन शब्दांत रूपांतर करतो आणि तंत्रज्ञापर्यंत तेवढेच पोहोचते, म्हणून सही करण्यापूर्वी जॉब कार्डावर तुमचेच शब्द आहेत का हे वाचावे. तुमचे निदान लिहू नये, लक्षण लिहावे. ‘सेन्सर बदला’ असे लिहिले तर ते सेन्सर बदलतील, बिल देतील आणि बिघाड कायम राहिल्यास तो तुमच्या सूचनेचा परिणाम ठरेल.

त्यानंतर काही नेमक्या मागण्या कराव्यात. तंत्रज्ञाला घेऊन तुम्ही स्वतः गाडी चालवाल, आणि ज्या परिस्थितीत बिघाड येतो तीच निर्माण कराल, असे सुचवावे. बिघाड सकाळच्या पहिल्या स्टार्टला येत असेल तर गाडी रात्रभर तिथे ठेवून घ्यायला सांगावे. चालवताना सतत मापे साठवणारे उपकरण काही दिवस गाडीत बसवून मिळेल का हे विचारावे. बऱ्याच कंपन्यांकडे तशी सोय असते. सर्व युनिटांचा स्कॅन अहवाल, कोड पुसण्यापूर्वीचा, छापील किंवा ईमेलने मागावा. सॉफ्टवेअर अपडेट केले असेल तर आधीची आणि नंतरची आवृत्ती जॉब कार्डावर लिहून घ्यावी. आणि बिघाड सापडला नाही असे सांगितले तरी जॉब कार्ड बंद करून घेतल्याशिवाय गाडी नेऊ नये. तुम्ही कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणती तक्रार घेऊन आला होता हे तो रिकामा वाटणारा कागद सांगतो, आणि वॉरंटीची मुदत संपल्यावर त्याचेच मोल सर्वाधिक ठरते.

दाद मिळत नसेल तर

आधी सर्व्हिस मॅनेजरला, मग कंपनीच्या ग्राहक विभागाला, आणि दोन्ही वेळा लेखी कळवावे. फोनवर बोलणे झालेच तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यात असे ठरले’ असा ईमेल पाठवावा. पत्रात राग नको. तारखा, जॉब कार्ड क्रमांक, जोडलेली चित्रीकरणे, तुमची नेमकी मागणी आणि उत्तरासाठी वाजवी मुदत एवढेच असावे. कंपनीच्या विभागीय तांत्रिक तज्ज्ञाने गाडी पाहावी, ही मागणी बहुतेक वेळा सर्वांत फलदायी ठरते. त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत केंद्राकडे जाण्याचा पर्यायही खुला असतो.

याच वेळी दोन गोष्टी शोधाव्यात. गाडीच्या सतरा अक्षर-अंकांच्या चॅसिस क्रमांकावर एखादा रिकॉल (दोष दूर करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) प्रलंबित आहे का, आणि या लक्षणांबाबत कंपनीने आपल्या केंद्रांना तांत्रिक सूचनापत्र पाठवले आहे का. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था एनएचटीएसए अशी सूचनापत्रे आणि मालकांच्या तक्रारी आपल्या संकेतस्थळावर खुल्या ठेवते. गाडीचे मॉडेल तिथेही विकले जात असेल तर तो शोध वाया जात नाही. अशा शोधाचे महत्त्व जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचच्या प्रकरणातून कळते. किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने तो स्विच चालू स्थितीतून सरकत असे, इंजिन बंद पडत असे आणि एअरबॅगही उघडत नसत. २००५ मध्ये कंपनीने विक्रेत्यांना पाठवलेल्या सूचनापत्रात ग्राहकांना जुडग्यातील अनावश्यक वस्तू काढायला सांगावे असे म्हटले होते. गाड्या परत बोलावणे मात्र २०१४ मध्ये सुरू झाले, आणि अशा गाड्यांची संख्या सुमारे २६ लाख होती. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी जोडला. सुरक्षिततेशी संबंधित बिघाडाची तक्रार म्हणूनच केवळ विक्रेत्याकडे न थांबता आपल्या देशातील वाहन सुरक्षा यंत्रणेकडेही नोंदवावी.

कायद्याचा आधार देशानुसार बदलतो. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आणि राज्यांचे ‘लेमन’ (वारंवार बिघडणाऱ्या सदोष गाड्यांबाबतचे) कायदे आहेत, आणि त्यांत दुरुस्तीचे किती प्रयत्न झाले याला महत्त्व असते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार विक्रेत्याकडून घेतलेली सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करता येते. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तिन्ही ठिकाणी सुनावणीत विचारले जाते ते एकच: दोष केव्हा, कसा आणि कोणाच्या निदर्शनास आणून दिला.

वॉरंटी संपलेली असेल किंवा केंद्राने पूर्ण नकार दिला असेल, तर केवळ वाहनांच्या वायरिंगचे काम करणारा स्वतंत्र इलेक्ट्रिशियन गाठावा. त्याला ‘दुरुस्त करा’ असे न सांगता ‘निदान करा, त्याच्या वेळेचे पैसे देईन, भाग बदलण्याआधी मला मापे दाखवा’ असे सांगावे. वॉरंटी सुरू असेल तर त्याने वायर कापू नयेत, फक्त मापे घेऊन लेखी अहवाल द्यावा.

दुरुस्ती झाल्यावर

काय सापडले, कोठे सापडले आणि काय केले हे बिलावर स्पष्ट लिहून घ्यावे. बदललेला भाग आणि काढलेल्या वायरचा तुकडा दाखवायला सांगावा. मग ज्या परिस्थितीत बिघाड येत होता तीच मुद्दाम निर्माण करून गाडी चालवावी. उष्णतेचा बिघाड असेल तर लांबची सलग फेरी मारावी, पाण्याचा असेल तर गाडी धुऊन पाहावी. आठवड्यातून एकदा येणारा बिघाड दोन दिवस आला नाही यावरून काहीच ठरत नाही. पूर्वीच्या दोन बिघाडांमध्ये जास्तीत जास्त जितके अंतर पडले होते, त्याच्या निदान तिप्पट काळ नोंदवही सुरू ठेवावी. त्या काळात तो पुन्हा आला तर पहिली नोंद घेऊन त्याच दिवशी त्याच केंद्रात जावे आणि नवे जॉब कार्ड उघडताना त्यावर जुन्याचा क्रमांक लिहायला लावावा, म्हणजे ती नवी तक्रार न ठरता अपुऱ्या राहिलेल्या दुरुस्तीचा पुढचा भाग ठरते.